आमच्या घरचं ‘व्हय’

२४ फेब्रुवारी, मंगळवार. अंगणात ओल्या हळदीचा ढीग पडला होता आणि पोतं अंथरून आम्ही मायलेकी गड्डे एकीकडं, हळकुंडं एकीकडं करत बसलो होतो. खरं तर त्या दिवशी हळद शिजायची होती. गावोगाव फिरून हळद शिजवून देणाऱ्या कुकरवाल्याकडं आमचा नंबर मंगळवारचा होता. तीन बायका मजुरीला सांगून ठेवल्या होत्या, टाकी भरून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी शेजारच्या शेताचा मालक नवऱ्याला रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "दादा, माझ्या घरी पाहुणे येऊन राहिले. तुमचा नंबर मला द्या, माझा तुमी घ्या." नवरा म्हणाला, "व्हय." त्याचा नंबर कधीचा आहे हे विचारायचं राहिलं. तो पुढच्या सोमवारचा निघाला.

"पाहुण्यांचा आणि हळद शिजवायचा संबंध काय?" मी विचारलं.

"ते मी न्हाई विचारलं."

"काहून?"

"तो घाईत होता ना."

सोमवारी आमची पोरगी नांदेडला निघणार होती. लॅब टेक्निशियनचा कोर्स झाला, दोन वर्षं अर्ज करून झाले, दोन मुलाखती झाल्या आणि शेवटी तिथल्या एका लॅबमध्ये तिला काम मिळालं. सोमवारी दहा वाजता हजर व्हायचं होतं. लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, सोमवारी आली नाहीस तर यादीतल्या दुसऱ्या मुलीला बोलावते. मला त्या बाई न बघताच आवडल्या. पोरगीची बॅग आठ दिवसांपासून भरून कोपऱ्यात होती. रोज ती उघडून परत घडी घालायची. इतका आनंद तिला दहावीच्या निकालाचाही झाला नव्हता. सुईनं लोकांचं रक्त काढायला मिळणार म्हणून एवढी खूश झालेली माणसं मी फार पाहिलेली नाहीत, पण ज्याची त्याची आवड.

तर त्याच सोमवारी आता हळदही शिजणार होती. मी नवऱ्याला काही बोलले नाही, कारण पंचवीस वर्षं बोलून झालं आहे. त्याला 'नाही' म्हणता येत नाही. आमचा फवारणीचा पंप वर्षातले नऊ महिने गावात फिरतो. शिडी तर आता कुणाची आहे हेच लोक विसरलेत. मागच्या उन्हाळ्यात मला लागली तेव्हा ज्याच्या घरी होती त्यानं विचारलं, "बाई, संध्याकाळपर्यंत परत देताल ना?"

ही खोड त्याच्या वडिलांकडून आली. सासऱ्यांनी एकदा एकाच दिवसाच्या तीन लग्नांना 'व्हय' म्हणून ठेवलं होतं. शब्द मोडवत नाही म्हणून तिन्हीकडं गेले, तिन्हीकडं पंगतीला बसले, वाढणाऱ्यालाही नको म्हणवलं नाही आणि दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या दवाखान्यात सलाईन लावून पडले. तिथं नर्सनं विचारलं, "आजोबा, जेवण देऊ का?" म्हणाले, "व्हय."

माझं माहेर साखऱ्याचं. तिथं हवा वेगळी. माझी आई माणसाचं बोलणं पुरं व्हायच्या आत 'न्हाई' म्हणते आणि मग विचारते, "काय म्हणत होतास?" मी तिच्यावर गेले. मला दोन स्थळं आली, दोन्हींना मी स्वतः नकार दिला. तिसरा हा. ह्यानं विचारलं, "तुमाला पसंत हाय का?" मी म्हटलं, "मला जरा विचार करू द्या." तो म्हणाला, "व्हय, करा की." एवढं सरळ उत्तर पुरुषाकडून मिळेल असं वाटलं नव्हतं. तेव्हा मला तो स्वभावाचा गोडवा वाटला. गोडवाच होता, पण तो साऱ्या गावाला मिळणार होता हे नंतर कळलं.

मी चोवीस वर्षं अंगणवाडीत आहे. ज्यांची वजनं केली त्यांची लेकरं आता माझ्या काट्यावर येतात. त्यामुळं कुणात काय कुठून आलं हे मला पुस्तकाशिवाय दिसतं. एक पोरगं खिचडीतले वाटाणे वेचून ताटाच्या कडेला गोल लावून ठेवतं. त्याचा बाप माझ्याकडं होता तेव्हा अगदी तसेच लावायचा. पोरानं बापाला तसं करताना कधी पाहिलेलं नाही, कारण त्यांच्या घरी वाटाणा शिजतच नाही. हे रक्तातून आलं. दुसरं एक पोरगं मावशीनं वाढवलं. मावशी सख्खी नाही, मानलेली. ते शिंकतं मावशीसारखं, रागावतं मावशीसारखं आणि माझ्याकडं बघून नाक मुरडतं तेही मावशीसारखंच. हे वळणातून आलं. कुणी मला विचारलंच तर सांगते, दोन्हीकडून येतं. फक्त चांगलं ते आपल्या घरचं आणि वाईट ते सोयऱ्यांचं, असा सगळीकडचा हिशेब असतो. आमच्याही घरी तोच होता.

माझी पोरगी म्हणजे बापाची छापील प्रत. नाक त्याचं, कानाची पाळी त्याची, झोपेत एक पाय पांघरुणाबाहेर तोही त्याचाच. समोरचा बोलत असताना मान हळूहळू वरखाली होते, ती मान तर थेट सासऱ्यांपासून आलेली. कोर्सला गेल्यापासून ती मला शिकवायला लागली, "आई, अर्धं तुझं असतं, अर्धं बाबांचं."

"मग माझं अर्धं गेलं कुठं?"

"दिसत न्हाई म्हणजे नसतं असं न्हाई."

"शिडीसारखं का? असतं, पण घरी नसतं."

हे असं बोलत आम्ही हळद निवडत होतो, तेवढ्यात समोरच्या घरातली सून फोन हातात घेऊन आली.

"काकू, अभिनंदन! पेढे कधी देताल?"

"कशाचे?"

"आता लपवून राहिल्या का? पोरगी ग्रामपंचायतीला उभी राहून राहिली ना. पर मला एक सांगा, दोन्ही पॅनलकडून कशी काय?"

तिनं फोन माझ्यापुढं धरला. गावातल्या दोन पॅनलची दोन स्टेटस होती. दोन्हींवर माझ्या पोरगीचा एकच फोटो. माझ्या भाचीच्या लग्नातला. मागची मंडपाची झालर कापून एकानं तिथं उगवता सूर्य टाकला होता, दुसऱ्यानं नांगरणारे बैल. खाली दोन्हीकडं लिहिलं होतं, 'आपल्या वॉर्डाच्या महिला राखीव जागेसाठी उच्चशिक्षित उमेदवार'. मी पोरगीकडं पाहिलं. ती एका हळकुंडाची माती अशी काही खरवडत होती की आत सोनं असावं.

सून गेल्यावर मी म्हटलं, "बोल."

"मोठेबाबा शनिवारी आले होते. तू अंगणवाडीत होतीस."

मोठेबाबा म्हणजे नवऱ्याचे चुलत थोरले भाऊ. एका पॅनलचे पुढारी तेच.

"मग?"

"म्हणाले, घरचीच पोरगी हायस, आमच्याकडून उभी राहा. मी म्हटलं, बघते."

"बघते म्हणालीस, का मान हलवलीस?"

तिनं ते हळकुंड ठेवून दुसरं खरवडायला घेतलं. म्हणजे मान हलवली होती.

"आन् दुसरं पॅनल?"

"ते गुरुजींचं. गुरुजी रस्त्यात भेटले." हे तिला चौथीपर्यंत शिकवलेले गुरुजी, आता निवृत्त. "त्यांनी मला विचारलंच न्हाई, आई. ते म्हणाले, बाळा, तुझं नाव दिलं."

"आन् तू काय केलंस?"

"पाया पडले."

"सोमवारी नांदेडला जायचं हाय हे सांगितलं का कुणाला?"

"सांगणार होते. पर ते किती खूश होते!"

शुक्रवार अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. एकदा अर्ज गेला की आधी प्रचार, निवडून आली की पाच वर्षं सभा, आणि नांदेडला यादीतली दुसरी मुलगी. दोन्ही पॅनलला ही का हवी होती तेही मला लख्ख दिसत होतं. शिकलेली, घर मोठं, भावकीची मतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढं ठेवलेल्या कागदावर सही करताना 'हे काय आहे' असं विचारणार नाही. अशी सदस्य तर प्रत्येक सरपंचाला स्वप्नात दिसते.

"तुला उभं राहायचं हाय का?" मी विचारलं.

"न्हाई गं आई." डोळ्यांत पाणी आलं. "मला लॅबमध्ये जायचंय."

"बघ, येतंय की 'न्हाई' म्हणता."

"तुला येतं. तुझ्यापुढं कुणालाबी येतं."

मी उठले. हात धुतले, ते पिवळेच राहिले. पायात चप्पल घातली. दोन घरं, दोन नकार, वीस मिनिटांचं काम. असली कामं मी जाता-येता करते. फाटकात नवरा भेटला. म्हशीला वैरण घेऊन येत होता.

"कुठं निघालीस?"

"तुमच्या भावाकडं आन् मग गुरुजींकडं. पोरगीनं दोघांना शब्द दिला, तो परत घेऊन येते."

"व्हय, जा," म्हणाला. दुसरं काय म्हणणार! मग वैरणीचा भारा खाली ठेवून म्हणाला, "एक बोलू का?"

"बोला."

"ह्या घरात समद्यांचं 'न्हाई' तूच म्हणत आलीस. आमच्यावर कधी पाळीच आली न्हाई."

"तुमच्या रक्तातच न्हाई ते."

"माझ्या नसंल. तिच्यात साखऱ्याचं अर्धं हाय ना." एवढं बोलून त्यानं भारा उचलला आणि म्हशीकडं गेला. भांडायला थांबलासुद्धा नाही. हा माणूस वर्षातून एकदा मुद्द्याचं बोलतो आणि तेव्हाही समोरच्याला उत्तर द्यायला वेळ देत नाही.

मी फाटकातच उभी राहिले. मला राग आला होता, आणि राग आला की मी आधी समोरचा कुठं चुकला ते शोधते. सापडेना. जे सापडत गेलं ते भलतंच होतं.

पहिलीत असताना ह्या पोरगीचे रंगीत खडू वर्गातल्या एका पोरानं मागितले. हिनं दिले. घरी येऊन रडली. दुसऱ्या दिवशी तिनं काही करायच्या आधी मीच त्या पोराच्या घरी गेले आणि खडू घेऊन आले, त्यात एक जास्तीचा आला. सहावीत गॅदरिंगला तिला नाचायचं नव्हतं, तीन नाचांत नाव होतं. मी शाळेत जाऊन तिन्ही नावं कमी केली. बारावीनंतर तिला मोबाइलवरून अर्ज भरता येतात हे गावाला कळलं, तर आमच्या ओट्यावर रांग लागायला लागली. कुणाचा पीकविमा, कुणाचं रेशन, कुणाच्या जावयाची पोलीस भरती. ती अभ्यास सोडून भरत बसायची. मी दाराला आतून कडी घालायला लागले. तिला परीक्षेत चांगले मार्क पडले आणि मला वाटलं, मी पोरगी वाचवली.

तिला माझं काही आलंच नाही असं मी वीस वर्षं सांगत फिरले. आलं असतं तर ते तिनं वापरलं असतं कधी? मी मधे उभी. बापाकडून मान हलवणं आलं, आणि माझ्याकडून आलं हे, की आपण मान हलवली तरी चालतं, मागून आई येते. दोन्ही मिळून पोरगी अशी झाली. मी एकट्या बापाला धरून बसले होते.

मला हे पटायला वेळ लागला असता, पण कामाचा एक हिशेब लगेच लागला. सोमवारपासून नांदेडला मी असणार नाही. तिथं कुणी म्हणेल, आज माझी ड्युटी तू कर, आणि ही मान हलवेल. तिथल्या दाराला आतून कडी कोण घालणार? मी चप्पल काढली आणि परत येऊन पोत्यावर बसले.

"काय झालं?" पोरगीनं विचारलं.

"मी जात न्हाई. तूच सांगायचं."

तिचा चेहरा असा झाला, जणू मीच तिची सुई तिला टोचली.

"आई, प्लीज."

"न्हाई."

"एकदाच. शेवटचं."

"न्हाई. बघ, किती सोपं हाय. दोनदा विचारलंस, तीनदा सांगते. न्हाई."

दुपारी जेवण झाल्यावर मी सराव घेतला. अंगणवाडीत लेकरांचं नाटक बसवते तसा. मी बाजेवर मोठेबाबा होऊन बसले, मांड्या फाकवून, मिशीवर हात फिरवत.

"काय गं पोरी, अर्ज भरायचाय. आधार कार्ड आण बरं."

ती उठली आणि कपाटाकडं निघाली.

"अगं कुठं चाललीस?"

"आधार कार्ड..." म्हणाली, आणि मधेच थांबून हसायला लागली. मीही हसले, पण आतून धसकले. हे मुरलेल्या रोगाचं लक्षण होतं.

मग नवऱ्याला गुरुजी केलं. त्याला काम असं दिलं की तो विनवणी करील आणि ती नको म्हणेल. तो खाकरला, हात मागं बांधले आणि खरंच गुरुजींसारखा म्हणाला, "बाळा, गावासाठी एवढं करशील ना?"

पोरगी म्हणाली, "न्हाई गुरुजी, मला..."

नवरा विचारात पडला. "तसं पाहिलं तर गुरुजी बराबर बोलून राहिले. गावासाठी कुणीतरी करायला पायजे."

"तुमी उठा तिथून," मी म्हटलं.

काय बोलायचं ते तिनं मला विचारलं. मी सांगितलं नाही. मी सांगितलं असतं तर ते माझं वाक्य झालं असतं आणि मोठेबाबांनी ते ओळखलं असतं. मी फक्त एवढंच सांगितलं की कारणं जास्त देऊ नको. एक कारण दिलं की समोरचा ते सोडवायला बसतो. मामाचं लग्न आहे म्हटलं की म्हणतो, लग्नानंतर या.

तिला दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पाठवायचं असं मी ठरवलं होतं. पण पाचच्या सुमाराला फाटक वाजलं. मोठेबाबा आले होते, हातात फाइल. ते बाजेवर टेकतात न टेकतात तोच मागून गुरुजी आले, हातात पिशवी. दोघांनी एकमेकांना पाहिलं. दोघांनी एकदमच, "तुमी इकडं कुठं?" असं विचारलं आणि दोघांनीही उत्तर दिलं नाही. मोठेबाबांची फाइल उघडीच होती. ते तयारीनं आले होते. पोरगी शौचालय वापरते असा, उमेदवारी अर्जाला लागणारा दाखलासुद्धा त्यांनी परस्पर काढून आणला होता. गुरुजींच्या पिशवीतून तोच दाखला डोकावत होता. आमच्या एका शौचालयाची गावानं एवढी काळजी याआधी कधी घेतली नव्हती.

मी चहा ठेवायला आत गेले. आत गेले म्हणजे स्वतःला आत नेलं. दाराआडून सगळं ऐकू येत होतं. मी आलं किसायला घेतलं.

मोठेबाबा म्हणाले, "हां पोरी, आधार कार्ड अन् दोन फोटो दे."

मी आलं किसत राहिले.

"मोठेबाबा," पोरगीचा आवाज आला, "मला न्हाई जमायचं."

"काय न्हाई जमायचं?"

"उभं राहायला. मी सोमवारी नांदेडला नोकरीवर चालले."

मी दाराच्या फटीतून पाहिलं. बाजेसमोर ती उभी होती, हात पुढं गुंफून, आणि तिची मान वरखाली होत होती. तोंड 'न्हाई' म्हणत होतं आणि मान 'व्हय'. मोठेबाबा मानेकडं पाहत होते.

"म्हणजे उभी राहशील ना?"

"न्हाई मोठेबाबा." मान हललीच.

"अगं मग मान काहून हलवून राहिलीस? व्हय का न्हाई ते एक सांग बराबर."

"न्हाई. मान हलतीच माझी. तिच्याकडं नका पाहू."

मला बाहेर जावंसं वाटलं. एका वाक्यात काम संपलं असतं. मी दुसरं आल्याचं बोट घेतलं.

मोठेबाबांचा आवाज चढला. "शनिवारी कबूल केलंस. समद्या गावात फोटो फिरला. भावकीची इज्जत हाय का न्हाई? पोरींना शिकवलं की हे असं होतं." मग ते नवऱ्याकडं वळले. "काय रे, तुझं काय म्हणणं?"

हे ऐकून माझा हात थांबला. नवरा गोठ्याच्या दारात उभा होता. मोठ्या भावाला त्यानं जन्मात 'न्हाई' म्हटलेलं नाही, हे मोठेबाबांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी विचारलं.

नवरा म्हणाला, "व्हय."

"काय व्हय?"

"ती म्हणून राहिली ते. तसंच हाय, दादा. ती नांदेडला चालली."

पंचवीस वर्षांत त्या माणसाचं 'व्हय' मला पहिल्यांदा उपयोगाला आलं. मोठेबाबा उठले, फाइल बंद केली. "चहा पाजा तुमच्या गुरुजींना," म्हणाले आणि फाटक उघडं टाकून गेले.

गुरुजी मात्र बसून राहिले. त्यांची तऱ्हा मोठेबाबांपेक्षा अवघड, कारण ते ओरडत नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "बाळा, मी तर तुझं नाव देऊन बसलो. आता मी लोकांना काय सांगू?"

पोरगीनं पाण्याचा तांब्या भरून घेतला. मग म्हणाली, "गुरुजी, तुमी मला विचारलंच न्हाई."

तिचा आवाज इतका मऊ होता की ते बोलणं आहे की माफी हे कळेना. मी असते तर हेच अशा सुरात बोलले असते की गुरुजी परत आमच्या गल्लीतून गेले नसते. तिनं ते बोलता बोलता त्यांच्यापुढं तो तांब्या ठेवला. गुरुजी तांब्याकडं बघत राहिले.

"खरं हाय," शेवटी म्हणाले. "विचारायला पायजे होतं."

मी चहा नेऊन दिला. गुरुजींनी घोट घेतला आणि त्यांना जो ठसका लागला तो पाच मिनिटं थांबेना. चहात पाव किलो आलं असावं. डोळे पुसत, खोकत ते म्हणाले, "बरं, उभी न्हाई तर न्हाई. आमच्या बाकीच्या नऊ जणांचे अर्ज तरी मोबाइलवर भरून देशील?"

"व्हय गुरुजी," पोरगी म्हणाली.

मी कपाळावर हात मारला, तो पिवळा होता, कपाळ पिवळं झालं.

गुरुजी गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "मोठेबाबा आता बोलणार न्हाईत ना माझ्याशी?"

"काही दिवस न्हाई बोलणार."

"दिवाळीपर्यंत?"

"सांगता येत न्हाई. 'न्हाई'ची एवढी किंमत पडतेच. मी साऱ्या गावात मोजलेली हाय."

"तुला वाईट न्हाई वाटत?"

मी म्हटलं, "वाटतं. पर शिडी घरी राहते."

तिला हे मुळीच पटलेलं दिसलं नाही. माझी उत्तरं तिला पुरत नाहीत, हेही मला त्या संध्याकाळी कळलं. ती माझ्यासारखा नकार देणार नाही. ती पाणी देत, मान हलवत, समोरच्याचं तोंड बघून स्वतःच अर्धी रडत देणार. त्याला वेळ जास्त लागतो आणि घाम जास्त येतो. पण गुरुजी उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. माझ्या नकारानंतर कुणी माझ्या डोक्यावर हात ठेवल्याचं मला आठवत नाही.

नवरा म्हशीचं दूध काढून आला आणि विचारलं, "काय ठरलं मग?"

"तुमी तिथंच होता की!"

"व्हय, पर शेवटचं ठरलं का?"

त्याला शंका होती, आणि ती बरोबर निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझा फोन वाजला. मोठेबाबा. पोरगी ओट्यावर बसून एका हातानं चहा घेत, दुसऱ्या हातानं गुरुजींच्या माणसांचे अर्ज भरत होती.

"बाई," मोठेबाबा म्हणाले, "काल पोरगीचं मला काही समजलं न्हाई. मान एक बोलून राहिली, तोंड एक. शुक्रवारपर्यंत टाइम हाय. तुमी एकदा तुमच्या तोंडानं सांगा. तुमी न्हाई म्हणताल तर मी पुन्हा विचारणार न्हाई. तुमचं न्हाई म्हंजे न्हाई असतं."

एवढं कौतुक भावकीत माझं कधी झालं नव्हतं. 'न्हाई' ओठावर आलंच होतं. मी तोंड मिटलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि म्हटलं, "भाऊजी, उभं राहायचं का न्हाई ते तिचं, मी काय सांगू? तिलाच विचारा."

फोन पोरगीपुढं धरला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग चहाचा कप खाली ठेवला, हात ओढणीला पुसला आणि फोन घेतला. पलीकडून मोठेबाबा बोलायला लागले, तशी तिची मान हलायला लागली. नवरा गोठ्याच्या दारातून तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघत होता.

मी वजनाचा काटा काखेत घेतला, अंगणवाडीच्या किल्ल्या घेतल्या आणि निघाले. फाटकाजवळ पोचेपर्यंत "न्हाई मोठेबाबा" एवढं ऐकू आलं. पुढचं ऐकायला थांबले असते तर मधे बोलले असते, म्हणून थांबले नाही. सव्वीस लेकरांची वजनं घ्यायची होती.